खांडीतला ट्रॅक्टर

आमच्या घरमालकांच्या ओटीवर एक घड्याळ होतं, ते उताणं निजवलं तरच चालायचं. भिंतीवर टांगलं की बंद. म्हणून ते कायम पाटावर निजलेलं असायचं, आणि वेळ बघायची तर माणसानं जवळ जाऊन, विहिरीत डोकवावं तसं वाकून बघायचं. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "काका, हे दुरुस्त का नाही करत?" तर म्हणाले, "दुरुस्तच हाय की. त्याला निजून चालायची सवय, तुला उभ्यानं. त्यात भांडण कसलं?"

असे होते काका. सगळा गाव त्यांना काकाच म्हणायचा, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

आम्ही कऱ्हाडकडची. तारापूरला विजेच्या प्रकल्पाचं बांधकाम निघालं तेव्हा आमचे हे तिथं स्टोअरात लागले. बोईसर स्टेशनापासून पश्चिमेला, पाम गावाच्या पुढं, खाडीच्या अंगाला एक गाव होतं, तिथं काकांच्या घरातल्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. पाणी दिवसातून दोनदा येतं नि दोनदा जातं असं काकींनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, नव्या बाईची चेष्टा चालली आहे. मग रोज बघायला लागले. रोज येत होतं, रोज जात होतं. माणसाला कशाचीही सवय होते.

काका उंच, वाळलेले. अंगात बिनबाह्यांची बंडी, आणि तिला काकींकडून जागोजाग खिसे लावून घेतलेले. एकात पाना, एकात सुतळी, एकात वायसर आणि नट. चालले की वाजायचे. काकी म्हणायच्या, "माझा नवरा कुठं हाय ते मला शोधावं लागत नाय बाय, नुसतं ऐकावं लागतं." तरुणपणी ते पालघरला भाताच्या गिरणीत इंजिनावर होते. तिथूनच त्यांना हे वेड लागलं असावं. कुठलीही वस्तू बंद पडली की त्यांच्या तोंडावर असा काही उजेड यायचा, की जसं घरी पाहुणे आलेत. ती वस्तू मांडीवर घ्यायची, उलटीसुलटी करायची आणि म्हणायचं, "उघडून तर बघू."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उघडून तर बघू. कंदील असो, कुलूप असो, छत्री असो. माझा स्टोव्ह एकदा भगभग करायला लागला, तर मी हो-नाही म्हणेपर्यंत त्याचे तुकडे माझ्याच परातीत मांडलेले. संध्याकाळी जोडून दिला. पेटायचा झकास, पण तेव्हापासून शिटी मारायचा. शेजारणी म्हणायच्या, तुमच्याकडं चहा झाला की आम्हाला कळतं.

त्यांच्याकडं एक बांबूची बारीक काठी होती. तिचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचं. आमच्या ह्यांना एकदा खोकला झाला. काकांनी सरळ येऊन काठी ह्यांच्या छातीला लावली. बराच वेळ ऐकलं. म्हणाले, "इंजिन चांगलं हाय. सायलेन्सर फुटलाय. बिड्या कमी करा." हे इतके हसले की आणखी खोकला आला.

पण नवीन वस्तूचा मात्र त्यांना राग होता. राग म्हणण्यापेक्षा अविश्वास. मी नवा कंदील आणला, सगळ्या आळीनं बघितला, काकांनी तोंड फिरवलं. "नवा म्हंजे काय?" म्हणाले. "ज्याचं दुखणं अजून कळलं नाय तो. जुन्याचं आपल्याला सगळं ठावं असतं." नव्या वस्तूंच्या दुकानात ते पायसुद्धा ठेवायचे नाहीत. बोईसरच्या बाजारात काकी आत जायच्या आणि हे बाहेर सायकलीला टेकून उभे, सासरच्या दारात उभं राहावं तसे.

आता ट्रॅक्टरचं सांगते, कारण काका म्हटलं की मला तोच दिसतो.

घोलवडकडच्या एका चिकूवाडीच्या मालकानं नवा घेतला म्हणून जुना काढून टाकला, तो काकांनी आणला. रंग उडालेला, बसायची जागा पत्र्याची, एका बाजूचा दिवा नाही. ते त्या ट्रॅक्टरला 'म्हातारी' म्हणायचे. "आज म्हातारी रुसलीय." "म्हातारीचं पाणी तापलंय, जरा बसू दे." नवीन माणसाला वाटायचं घरात कुणी आजारी आहे. ट्रॅक्टरच्या मागं दोन लोखंडी हात होते, त्यांना औत लावा, फाळ लावा, काय वाटेल ते लावा. बसल्या जागेवरची एक दांडी ओढली की ते हात वर उचलले जायचे. ही उचल तेलाच्या जोरावर चालते, आणि तेलाला जोर देणारा एक पंप ट्रॅक्टरच्या पोटात, तेलातच बुडून बसलेला असतो. आमचे हे त्याला हायड्रोलिक म्हणायचे, काका नुसतं 'उचल' म्हणायचे. मला हे सगळं कसं ठाऊक, म्हणाल. त्या उन्हाळ्यात आमच्या ओटीवर दुसरं बोलणंच नव्हतं.

तो उन्हाळा समजायला आधी बांध समजला पाहिजे. गावची बरीचशी भातशेती, काकांचीसुद्धा, खाडीच्या काठाला, भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर. मधे मातीचा लांबच लांब बांध. बांध आहे तोवर अलीकडं भात आणि पलीकडं समुद्र. त्या साली दिवाळीनंतरच्या उधाणाला हा बांध एका ठिकाणी फुटला. फुटलेल्या जागेला तिथं खांड म्हणतात. भात कापून झालं होतं म्हणून पोटावर आलं नाही, पण खाडीचं पाणी शेतात ये-जा करायला लागलं. पावसाळ्याआधी खांड बुजवली तर पावसाचं पाणी साचवून, सोडून, मीठ धुऊन काढता येतं. नाही बुजवली तर पावसातली उधाणं खांड रुंद करत जातात, आणि मग ते शेत शेत राहत नाही. आप्पानं मला हे समजावून सांगितलं होतं. आप्पा म्हणजे गावच्या उघाडीवरचा म्हातारा. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा, शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचा. त्याचं घराणंच त्या कामावर. "एकदा मीठ बसलं की पोराचं पोर येईस्तोवर भात नाय," असं म्हणाला होता.

बांधाची डागडुजी ही पूर्वापार सगळ्या गावानं करायची रीत. दर घरटी एक माणूस आणि एक टोपली. उन्हाळा लागला की घरोघर टोपल्या विणायला बसायचे, आणि भांगाचे दिवस बघून, म्हणजे महिन्यातले ते दिवस जेव्हा भरती मवाळ असते, सगळे बांधावर. न येणाऱ्याच्या दारात बायका गाणी म्हणून लाज काढायच्या.

त्या साली काकांनी ही रीत मोडली. चांगल्या मनानं मोडली, हे आधीच सांगते. प्रकल्पावर कामाला माणसं हवी होती, ट्रक गावात येऊन न्यायचे, रोजचा रोज मिळत होता. आप्पा ओटीवर येऊन काळजी करायला लागला, की माणसं तिकडं गेली तर टोपल्या कोण उचलणार. काका म्हणाले, "टोपल्या कशाला? म्हातारी हाय ना."

त्यांनी ट्रॅक्टरच्या मागच्या हातांना एक लोखंडी सूप लावून घेतलं होतं, भलं मोठं. मागं जाऊन मातीत घुसवायचं, दांडी ओढायची, सूप भरून वर येतं, मग खांडीत नेऊन रिकामं करायचं. काकांनी करून दाखवलं. बायामाणसं, म्हातारे सगळे बघायला जमले. एका खेपेला कितीतरी टोपल्यांची माती. लोक हरखून गेले. एक बाई म्हणाली, "काका, आमच्या पाठीचं दुखणं नेलंत तुमी." काका लाजले. मी त्यांना लाजताना तेवढंच पाहिलं.

"तुमी खुशाल जा कामाला," ते सगळ्यांना म्हणाले. "बांध मी नि म्हातारी बघतो."

माणसं गेली. आणि त्या साली कुणाच्या घरात टोपल्या विणल्या गेल्या नाहीत.

सुरुवातीला काम असं झपाट्यानं चाललं की विचारू नका. दोन्ही बाजूंनी भर घालत घालत खांड अरुंद होत आली. मग चैत्र सरता सरता उचल दगा द्यायला लागली. सकाळी थंड असताना सूप वर जायचं. ऊन चढलं, तेल तापलं, की भरलेलं सूप आपोआप खाली यायचं, हळूहळू, एखादा म्हातारा बसल्या बसल्या पेंगत जावा तसं. अर्ध्या वाटेत माती सांडायची. काकांनी उपाय काढला. गोणपाटं भिजवून ट्रॅक्टरच्या पाठीवर टाकायची. काकी कळशी घेऊन मागं मागं, दर खेपेला गोणपाटावर पाणी. ते बघून मला हसू आवरायचं नाही. "काकी, हिला ताप आलाय का?" मी विचारायची. काकी म्हणायच्या, "हिला ताप, मना घाम."

मग गोणपाटंसुद्धा पुरेनात. झाकण उघडून तेल बघितलं तर पांढरट, ताकासारखं. खाडीच्या चिखलात रोज उभं राहून खारं पाणी आत शिरलं होतं. तेव्हा पावसाळ्याआधीचा शेवटचा भांग यायचा होता. खांडीतली मधली वाट तेवढी उरली होती, आणि ती एकाच भांगात बंद करावी लागते. अर्धवट ठेवली तर पुढचं उधाण आधी घातलेली भरसुद्धा घेऊन जातं. त्यानंतर वारा फिरणार, समुद्र खवळणार. म्हणजे जे करायचं ते त्या थोड्या दिवसांत.

ह्यांनी रविवारी प्रकल्पावरचा एक मिस्त्री आणला. पंजाबकडचा, अवजड यंत्रांवर काम करणारा, मनानं दिलदार माणूस. त्यानं पंप बाहेर काढायला लावला, बोट फिरवलं, उजेडात धरला आणि काकांच्या हातात दिला. "चाचा, ये तो गया. बदल डालो."

काका म्हणाले, "बुढ़ा हुआ तो तुम्हारे बाप को बदल डालेगा क्या?"

तो मिस्त्री मोठ्यानं हसला. "बाप को नहीं चाचा. पंप को."

ह्यांनी मुंबईत एका दुकानात चौकशी करून ठेवली होती. त्या जातीचा नवा पंप तिथं एक होता. त्या काळी परदेशी यंत्राचा भाग मिळणं म्हणजे नवलच. हे म्हणाले, "काका, मी उद्या सकाळच्या गाडीनं जातो आणि संध्याकाळी घेऊन येतो. तुम्ही फक्त हो म्हणा." आप्पा बसला होता, आणखी दोघं-तिघं शेतवाले बसले होते. आप्पा म्हणाला, "काका, नवा आना. आमी सगळे मिळून बगू पैशाचं."

काका पंप मांडीवर घेऊन बसले होते. त्याच्या आतल्या दट्ट्यांना मीठ लागून बारीक बारीक खड्डे पडले होते. त्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "देवी आल्यात ह्याला. देवी आल्या म्हंजे मेला काय तो? माझ्या तोंडावर पण हायत." खरंच होते, लहानपणीच्या देवीचे वण. "नवा बसवायचा, आनि तो कसा वागेल ते कुनाला ठावं? ह्याचं दुखणं मना दिसतंय. घासून काढतो. अजून जीव हाय त्याच्यात."

"आणि नाही टिकला तर?" हे म्हणाले.

"मी कदी काय केलेलं टिकलं नाय, सांगा."

त्या ओटीवर बसलेल्या प्रत्येकाच्या घरात काकांनी जगवलेली एखादी वस्तू होती. आप्पाच्या उघाडीच्या बिजागऱ्यासुद्धा काकांनीच ठोकून दिलेल्या. आप्पा उठला, धोतर झटकलं, म्हणाला, "बरं तर. तुमी म्हनता तसं." मग उंबऱ्यापाशी थांबून विचारलं, "पोरांना दोन दिस कामावरून ठेवून घेऊ काय? टोपल्या बगतो कुनाच्या हायत त्या."

काका म्हणाले, "त्यांचा रोज कशाला बुडवता?"

आमच्या ह्यांना फार राग आला होता. रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठले. दुसऱ्या दिवशी मी काकींबरोबर विहिरीवर होते तेव्हा म्हटलं, "काकी, तुम्ही तरी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

काकींनी पोहरा खाली सोडला. दोर हातातून सरकत राहिला. मग म्हणाल्या, "मना मूल नाय झालं. माझी सासू, जावा, सगळी गोतावळ जमली होती, ह्याच ओटीवर. दुसरी कर म्हनत होती. मुलगी पन बघून ठेवलेली, केळव्याची. मी आत चुलीपाशी बसून ऐकत होते. हे म्हनाले, बदलायची नाय. तेवढंच म्हनाले नि उठून गिरणीत गेले." पोहरा पाण्याला लागला. त्यांनी झटका देऊन भरून घेतला. "आता मी कुठल्या तोंडानं सांगू बाय, पंप बदला म्हनून?"

मी दोर ओढायला हात लावला.

पंप आमच्याच ओटीवर घासला गेला. घासायला अगदी सपाट काच पाहिजे होती, तर काकांनी आपल्या वडिलांच्या तसबिरीची काच काढली. तिच्यावर घासायचा मलम लावला आणि एकेक भाग आठच्या आकड्यासारखा फिरवत बसले. वर भिंतीवर वडील बिनकाचेचे बघत होते. काका जेवायला उठेनात. काकी घास भरवायच्या आणि ते न बघता तोंड उघडायचे. बोईसरच्या चांभाराकडून चामड्याचे वायसर कापून आणले, तेलात मुरवले. भांगाचे दिवस त्यात जात होते. आप्पा रोज सकाळी येऊन ओटीच्या पायरीवर बसायचा, पंपाकडं बघायचा, उठून जायचा.

पंप बसवला. तेल नवं भरलं. काकांनी दांडी ओढली आणि सूप असं वर गेलं, असं गेलं, की काकींनी हातातली कळशी खाली ठेवून दोन्ही हात जोडले. दुपारच्या उन्हातही सूप खाली आलं नाही. आमचे हे स्वतः बांधावर बघायला गेले आणि येऊन मला म्हणाले, "माणूस वेडा आहे, पण हात देवाचे आहेत." खांड भरत आली. माणूस उडी मारून जाईल एवढी वाट उरली. आप्पा पायरीवर बसला तेव्हा काकांनी त्याला आपल्या हातानं पान लावून दिलं.

अमावास्येच्या, म्हणजे उधाणाच्या, आदल्या सकाळी आम्ही दोघं बांधावर गेलो, रविवार होता म्हणून. ओहोटी होती, खाडी लांबवर उघडी पडलेली, चिखल चमकत होता. काकांना भरती चढायच्या आत शेवटच्या खेपा टाकायच्या होत्या. गावातली कामाची माणसं पहाटेच ट्रकनं गेलेली, रोजावरच्या माणसांना प्रकल्पावर रविवार नसायचाच. बांधावर म्हातारे, बायका, आणि आम्ही. काका ओल्या चिखलाचं भरलेलं सूप घेऊन मागं मागं खांडीत उतरले. नेमकी त्या उतारावर उचल सुटली. पेंगल्यासारखी नाही, एकदम. सूप दाणकन खाली आलं आणि चिखलात रुतलं. काकांनी पुढं घेतलं तर चाकं गरगर फिरली आणि खाली गेली. पुन्हा दांडी. पुन्हा चाकं. म्हातारी त्या उरलेल्या वाटेत आडवी बसली, पोटापर्यंत.

पहिल्यांदा कुणाला भीती वाटली नाही. बैल आणले, बैल उतारावर पायच ठेवेनात. मग आप्पा ओरडला, "टोपल्या! टोपल्या आना!" बायका धावल्या. आणल्या त्या टोपल्या गेल्या सालच्या, काहींना बूड नाही, काहींचे काठ सुटलेले. मीही एक घेतली. माती भरली की खालून सांडायची. आम्ही लुगड्याच्या ओच्यात माती घेतली, पातेल्यांत घेतली, हातानं लोटली. पण ट्रॅक्टरच्या खालून, चाकांच्या बाजूनं, पाण्याला वाट होती, आणि ती आम्हाला भरता येत नव्हती. यंत्र तिथं नसतं तर कदाचित बुजली असती ती वाट. हे मी कितीदा मनात घोळवलं आहे.

भर दुपारी भरती चढली. आवाज करत नाही ती. पहिल्यांदा चिखलातल्या रेघा भरतात. मग बघता बघता पाणी चाकांना लागलं, आणि चाकांच्या दोन्ही बाजूंची आमची ताजी माती साखरेसारखी विरघळायला लागली. काका खाली उतरले होते. मला वाटलं बांधावर चढतायत. ते ट्रॅक्टरच्या पाठीशी गेले, बंडीच्या खिशातून पाना काढला आणि झाकणाचे बोल्ट सोडायला लागले. पाणी मांड्यांपर्यंत.

"काका, वर या!" हे ओरडले.

"जरा थांब," ते म्हणाले. "उघडून तर बघू."

काकी कुणाला न विचारता पाण्यात शिरल्या. कमरेइतकं पाणी, ओढ केवढी. त्यांनी मागून बंडी धरली आणि ओढलं. काका झाकण सोडेनात. बंडीचा खिसा टरकन फाटला, पाने, नट पाण्यात पडले, आणि काका पाण्यात हात घालून ते चाचपायला लागले. "सोडा हो," काकी रडत म्हणत होत्या, "आता सोडा ते." आमच्या ह्यांनी आणि आप्पानं मिळून दोघांना वर घेतलं.

मग आम्ही बांधावर बसून बघितलं. दुसरं काही करायचं उरलं नव्हतं. पाणी ट्रॅक्टरच्या दोन्ही अंगांनी शेतात गेलं, आधी बारीक, मग रुंद, मग एवढं रुंद की त्याला खांड म्हणण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी ट्रक परत आला. माणसं उतरली, बांधापर्यंत चालत आली, उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जिनं पाठीचं दुखणं नेलंत म्हटलं होतं ती बाई काकींच्या जवळ येऊन बसली आणि त्यांच्या पायाचा चिखल हातानं पुसत राहिली. आप्पा दुसऱ्या दिवशी आला तो उलट काकांनाच म्हणाला, "आमीच सगळं तुमच्या एकट्यावर टाकून बसलो, काका. चूक आमची." काकांनी मान खाली घातली ती मला वाटतं त्यानंतर पुरती वर आलीच नाही.

त्या पावसाळ्यात गावाच्या त्या बाजूला आवण, म्हणजे भाताची लावणी, झालं नाही. पुढच्यालाही नाही. ओहोटीला म्हातारीचं पुढचं चाक आणि बसायची जागा वर दिसायची, तिच्यावर बगळे बसायचे. ज्यांची शेतं गेली ती माणसं कायमची प्रकल्पाच्या ट्रकवर गेली, आणि बांधकाम संपत आलं तेव्हा त्यांतल्या कितीकांना घरी बसवलं. उन्हाळ्यात ती सगळी जमीन मिठानं पांढरी पडायची. लांबून बघणाऱ्याला छान वाटायचं.

काका ओटीवर बसून असायचे. वाजायचे नाहीत. काकींनी बंडीचे खिसे काढून टाकले होते की त्यांनीच काढायला सांगितले होते, मी विचारलं नाही. लोक काही दिवस वस्तू घेऊन येत राहिले, मुद्दाम येत असावेत असं मला आता वाटतं, माणूस जगावा म्हणून. जवळच्या नवापूरची एक मासेवाली फुटक्या दांडीची छत्री घेऊन आली. काकांनी छत्री हातातसुद्धा घेतली नाही. "नवी घे बाय," म्हणाले.

ती बिचारी छत्री तशीच काखेत धरून उभी राहिली. तिला वाटलं काहीतरी चुकलं आपलं.

मग ह्यांची बदली ठरली. निघायच्या आदल्या दुपारी काकींनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. रेशनचा जाड तांदूळ शिजवला होता, मासे होते, आणि एक पालेभाजी, बारीक, जाडसर पानांची, मी तोवर कधी न खाल्लेली. चवीला बरी लागली. मी विचारलं कसली आहे. काकी म्हणाल्या, "मोरस. खाऱ्या जमिनीत उगवते. उकडून पाणी टाकायचं, मग फोडणी. मीठ घालावं लागत नाय."

आमचे हे उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "बाजारात मिळते का?"

काका इतका वेळ खाली बघून जेवत होते. त्यांनी माझ्या पानात आपल्या हातानं आणखी भाजी वाढली.

"बाजारातली कशाला?" ते म्हणाले. "आपल्याच शेतातली हाय. खा."